बटण दाबायच्या आधीच काम होतं, दाबल्यावर मात्र काहीच नाही

पायथॉनमध्ये पहिली खिडकी उघडली, तिच्यात पहिलं बटण बसवलं, आणि प्रोग्रॅम सुरू करताच बटणाचं काम आपोआप होऊन गेलं. नंतर बटण कितीही दाबा, ते आत जातं, बाहेर येतं, बाकी ढिम्म. एररसुद्धा नाही. टीकिंटर, म्हणजे पायथॉनमध्ये खिडक्या आणि बटणं बनवायचं साधन, वापरणाऱ्या बहुतेकांना हे एकदा तरी भोगावं लागतं, आणि बरेच जण दुसऱ्यांदाही त्याच खड्ड्यात पडतात. पहिल्या वेळी कुणीतरी सांगतं, 'कंस काढ'. कंस काढला की प्रश्न सुटतो, पण तो का काढायचा हे डोक्यात बसलेलं नसतं. मग तोच घोटाळा लूपमध्ये, टायमरमध्ये, थ्रेडमध्ये वेष बदलून भेटतो.

मी हा धडा एका 'पुसून टाका' बटणावर शिकलो. तात्पुरत्या फाइली साफ करणारं छोटंसं साधन लिहीत होतो. प्रोग्रॅम चालवला, खिडकी दिसली, माउसला हातही लावला नव्हता आणि फोल्डर रिकामा! तेव्हापासून पुसणारं कुठलंही बटण आधी नुसतं प्रिंट करून पाहतो, मग खरं फंक्शन जोडतो.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. खाली कोडातले शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. टाइप करताना टीकिंटरची आणि पायथॉनची स्वतःची नावं नेहमीच्या रोमन लिपीतच लिहायची. तुमच्या फंक्शनची आणि व्हेरिएबलची नावं मात्र पायथॉन 3 मध्ये देवनागरीत चालतात, 'जतन' नावाचं फंक्शन खरोखरच चालतं.

कंसाचा घोटाळा

चुकलेली ओळ अशी असते:

ब = बटन(खिडकी, टेक्स्ट="जतन करा", कमांड=जतन())

आणि बरोबर ओळ अशी:

ब = बटन(खिडकी, टेक्स्ट="जतन करा", कमांड=जतन)

पायथॉनमध्ये 'जतन' म्हणजे ते फंक्शन, आणि 'जतन()' म्हणजे ते फंक्शन आत्ता चालवून हाती आलेलं उत्तर. बटण बनवताना पायथॉन आधी कंसातल्या सगळ्या किमती काढतो, मगच बटण बनवायला घेतो. म्हणजे पहिल्या ओळीत बटण जन्माला यायच्या आधीच जतन होऊन गेलेलं असतं. एखाद्याला नंबर लिहून देणं वेगळं आणि आपणच फोन लावून बोलणं उरकून टाकणं वेगळं. बटणाला नंबर हवा असतो. आपण बोलून मोकळे होतो आणि त्याच्या हातात कोरा कागद देतो.

कोरा कागद म्हणजे काय, ते पाहण्यासारखं आहे, कारण एरर का येत नाही याचं उत्तर त्यातच आहे. ज्या फंक्शनात रिटर्न नाही, त्याचं उत्तर 'नन' असतं. टीकिंटर ज्या पर्यायाची किंमत नन असेल तो पर्याय सरळ गाळून टाकतो, जणू तुम्ही कमांड लिहिलीच नव्हती. आणि कमांड न दिलेलं बटण टीकेच्या, म्हणजे टीकिंटरच्या खाली चालणाऱ्या मूळ साधनाच्या, दृष्टीने अगदी रीतसर बटण आहे. टीके हे मुळात जॉन औस्टरहाउट यांनी टीसीएल या भाषेसाठी बनवलेलं साधन. तिथे बटणाची कमांड म्हणजे एक मजकूर, आणि कोरा मजकूर ही चूक नाही. पायथॉनवाल्यांच्या वाट्याला ते घराणं जसंच्या तसं आलं. बटण दाबलं की टीके तो कोरा मजकूर इमानाने 'चालवतं' आणि गप्प बसतं.

याला एक गमतीदार पोटभेद आहे. फंक्शन रिटर्न करत असेल आणि ते उत्तर मजकूर असेल, उदाहरणार्थ "झालं", तर टीकिंटर तो मजकूर टीसीएलची आज्ञा समजून ठेवून देतो. मग बटण दाबल्यावर 'इनव्हॅलिड कमांड नेम' अशी तक्रार येते आणि पुढे तुमचाच शब्द लिहिलेला असतो. हा संदेश दिसला की समजावं, कंस राहिला.

खात्री करायची सोपी तऱ्हाही आहे. बटण बनवल्यावर लगेच प्रिंट(ब["कमांड"]) करून पाहा. काहीच छापलं गेलं नाही, तर बटणाला काम मिळालेलंच नाही. सगळं ठीक असेल तर एक लांबलचक आकडा आणि त्याला चिकटून तुमच्या फंक्शनचं नाव दिसेल. पायथॉनचं फंक्शन टीसीएलला थेट कळत नाही, म्हणून टीकिंटर त्याला असं बनावट नाव देऊन टीसीएलकडे नोंदवतो. लॅम्डा दिला असेल तर आकड्याच्या शेवटी 'लॅम्डा' दिसतो. दहा मिनिटं कोड वाचत बसण्यापेक्षा ही एक ओळ पुरते.

मग फंक्शनला काही किंमत द्यायची असेल तर? 'जतन("नवी")' असं लिहावंसं वाटतं आणि कंस परत आला. इथे लॅम्डा वापरायचा:

कमांड=लॅम्डा: जतन("नवी")

लॅम्डा म्हणजे बिननावाचं छोटं फंक्शन. आतला कंस आत्ता चालत नाही, लॅम्डाला कुणी हाक मारेल तेव्हा चालतो, आणि बटण त्याला दाबल्यावरच हाक मारतं. फंक्टूल्स मॉड्यूलमधला पार्शल हेही तेच काम करतो: कमांड=पार्शल(जतन, "नवी"). मला स्वतःला एका किमतीसाठी लॅम्डा आणि लूपमध्ये पार्शल बरा वाटतो. का, ते पुढे येईलच.

बटणापलीकडेही हीच चूक तीन ठिकाणी हमखास सापडते. आफ्टर या टायमरला 'आफ्टर(1000, मोजा())' असं दिलं की सेकंदभर न थांबता मोजा तिथल्या तिथे चालतो. घड्याळ दाखवणाऱ्या फंक्शनने शेवटी स्वतःलाच असं बोलावलं, तर ते थांबायचं नावच घेत नाही आणि काही क्षणांत रिकर्शन एरर येऊन कोसळतं. आफ्टरला किंमत द्यायला लॅम्डाची गरज नसते: आफ्टर(1000, मोजा, 5) असं पुढे जोडलं की झालं. थ्रेड, म्हणजे मुख्य कामाला समांतर चालणारा धागा, बनवताना टार्गेट=काम() लिहिलं तर काम थ्रेडमध्ये न जाता इथेच होतं, खिडकी गोठते, आणि माणूस म्हणतो 'थ्रेड लावूनही गोठतंय'. तिसरं ठिकाण म्हणजे खिडकीच्या बंद होण्याला प्रोटोकॉलने जोडलेलं फंक्शन. प्रोग्रॅम सुरू होताच 'खरंच बाहेर पडायचं?' असं विचारत असेल तर कंस शोधा.

दहा बटणं, आणि सगळी म्हणतात 9

कॅल्क्युलेटर बनवायला घेतला की हे आलंच. अंकांची बटणं एकेक करून कोण लिहीत बसणार, म्हणून लूप:

फॉर क्र इन रेंज(10):
    बटन(खिडकी, टेक्स्ट=क्र, कमांड=लॅम्डा: लिही(क्र)).पॅक()

खिडकीत 0 ते 9 अशी दहा बटणं नीट दिसतात. 3 दाबा, 9 उमटतो. 7 दाबा, 9 उमटतो.

इथे लोक बटणांवर संशय घेतात, पण नीट पाहा: बटणावरचा अंक बरोबर आहे, काम चुकीचं आहे. दोन्हीकडे लिहिलेला 'क्र' तर एकच. फरक वेळेचा. टेक्स्ट=क्र ही किंमत बटण बनताना काढली जाते, त्या क्षणी क्र जो असेल तो बटणावर छापला जातो. लॅम्डाच्या आतला क्र मात्र बटण दाबल्यावर शोधला जातो. लॅम्डा किंमत लक्षात ठेवत नाही, नाव लक्षात ठेवतो. तोवर लूप संपलेला असतो आणि क्र मध्ये शेवटचा 9 राहिलेला असतो. दहाही लॅम्डा त्या एकाच क्र कडे बोट दाखवतात.

आधीच्या प्रकरणात काम वेळेआधी झालं, इथे किंमत वेळेनंतर वाचली गेली. दोन्हीकडे स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: हा तुकडा नक्की केव्हा चालतो, बटण बनताना की बटण दाबल्यावर? माझ्या अनुभवात बटणांच्या निम्म्याहून जास्त तक्रारी या एका प्रश्नावर सुटतात.

उपाय म्हणजे किंमत तिथल्या तिथे पकडून ठेवणं:

कमांड=लॅम्डा क्र=क्र: लिही(क्र)

'क्र=क्र' हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला वेडगळ वाटतं. डावीकडचा क्र हा लॅम्डाचा स्वतःचा, उजवीकडचा लूपचा. फंक्शनच्या ठरीव किमती फंक्शन बनताना काढल्या जातात, आणि आपल्याला नेमकं तेच हवं आहे. डोळ्यांना त्रास होत असेल तर डावीकडे वेगळं नाव द्या: लॅम्डा अंक=क्र: लिही(अंक). किंवा पार्शल(लिही, क्र) लिहा. पार्शलमध्ये किंमत बनतानाच पकडली जाते, त्यामुळे ही चूक करताच येत नाही.

क्यूटी या खिडक्या बनवायच्या दुसऱ्या साधनाकडे गेलेल्यांसाठी एक सावधानता, कारण टीकिंटरची ही युक्ती तिथे उलटी फिरते. पायक्यूटीमध्ये, म्हणजे पायथॉनमधून क्यूटी वापरताना, बटणाचा 'क्लिक्ड' सिग्नल सोबत एक किंमत पाठवतो: बटणावर टिक आहे की नाही, खरं किंवा खोटं. साध्या बटणावर ती नेहमी खोटं, म्हणजे फॉल्स. तुम्ही लॅम्डा क्र=क्र असं लिहिलंत की तो फॉल्स थेट क्र मध्ये जाऊन बसतो, आणि जपून पकडलेली किंमत पुसली जाते. तिथे लॅम्डा टिक, क्र=क्र: लिही(क्र) असं लिहून पहिल्या किमतीला वेगळी जागा द्यावी लागते. कंसाच्या बाबतीत मात्र पायक्यूटी बरं. 'क्लिक्ड.कनेक्ट(जतन())' लिहिलं तर ते लगेच टाइप एरर देऊन ओरडतं, टीकिंटरसारखं मूग गिळून बसत नाही.

बटण हातात आहे असं वाटतं, पण हातात नन असतं

ब = बटन(खिडकी, टेक्स्ट="सुरू").पॅक()

बटण दिसतं, चालतंही. पुढे कुठेतरी ब.कॉन्फिग(स्टेट="डिसेबल्ड") केलं की 'नन-टाइप ऑब्जेक्टला कॉन्फिग नाही' अशा अर्थाचा ॲट्रिब्यूट एरर. बटणाला खिडकीत जागा देणाऱ्या पॅक, ग्रिड आणि प्लेस या तिघांचं उत्तर नन असतं, आणि ओळीत सगळ्यात शेवटी चाललेल्या गोष्टीचं उत्तर ब मध्ये जातं. दोन ओळी करा: आधी ब = बटन(...), मग ब.पॅक(). ज्या बटणाला नंतर हात लावायचा नाही त्याला एका ओळीत लिहायला हरकत नाही, वरच्या लूपमध्ये मी तेच केलं आहे.

चित्र लावलं, कोरा चौकोन दिसतो

बटणावर चित्र लावायचं, फंक्शनात फोटोइमेज (टीकिंटरचं चित्राचं ऑब्जेक्ट) बनवायची, इमेज=चित्र द्यायचं. कोड जसाच्या तसा फंक्शनबाहेर ठेवला तर चित्र दिसतं, फंक्शनात घातला की कोरं. लोक फाइलचा पत्ता दहा वेळा तपासतात. पत्ता चुकला असता तर एरर आला असता.

'चित्र' हे नाव फंक्शनातलं आहे. फंक्शन संपलं की त्या ऑब्जेक्टला धरून ठेवणारं कुणी उरत नाही, पायथॉन त्याला साफ करतो, आणि साफ होताना फोटोइमेज टीकेकडची प्रतिमाही पुसून टाकते. बटणाला चित्राचं फक्त नाव माहीत असतं, ते चित्राला पायथॉनमध्ये धरून ठेवत नाही. म्हणून आपणच धरायचं:

ब.चित्र = चित्र

एवढी एक ओळ. बटणाच्या ऑब्जेक्टला एक जास्तीचा गुणधर्म चिकटवला, आता बटणाचं पायथॉनमधलं ऑब्जेक्ट आहे तोवर चित्रही आहे. क्लास लिहीत असाल तर सेल्फ.चित्र. लूपमध्ये अनेक चित्रं असतील तर एका यादीत साठवा, नाहीतर शेवटचं तेवढं दिसेल आणि बाकी सगळी कोरी.

फाइल कुठल्या प्रकारची आहे हेही पाहा. फोटोइमेज जिफ वाचते, आणि टीके 8.6 पासून, म्हणजे 2012 पासून, पीएनजीही वाचते. जेपीजीसाठी पिलो ही वेगळी लायब्ररी लागते आणि तिच्यातली इमेजटीकेवाली फोटोइमेज वापरावी लागते. तिलाही वरचाच नियम: धरून ठेवलं नाही तर गायब.

चित्र लावल्यावर दुसरा धक्का आकाराचा बसतो. विड्थ=10 दिलेलं बटण चित्र लावताच चिमणीएवढं होतं. साध्या बटणात विड्थ म्हणजे अक्षरं आणि हाइट म्हणजे ओळी. चित्र आलं की तेच आकडे पिक्सेल होतात. चित्र आणि मजकूर दोन्ही हवे असतील तर कंपाउंड="लेफ्ट" द्या, नाहीतर मजकूर दिसणारच नाही. आणि नुसत्या मजकुराच्या बटणाला पिक्सेलमध्ये आकार द्यायचा असेल तर 1 बाय 1 ची रिकामी फोटोइमेज लावून कंपाउंड="सेंटर" करायची. जुगाड आहे, पण बिनबोभाट चालतो.

बाइंड की कमांड

काही जण कमांडऐवजी ब.बाइंड("<बटन-1>", जतन) लिहितात, कारण लेबलला क्लिक लावताना ते शिकलेले असतात. बटणाला ते लावलं की चार वेगवेगळी दुखणी मागे लागतात, आणि ती वेगवेगळ्या दिवशी उमटतात म्हणून मूळ सापडत नाही.

पहिलं लगेच कळतं. बाइंड आपल्या फंक्शनला इव्हेंट नावाची एक किंमत पाठवतं, कमांड काहीच पाठवत नाही. त्यामुळे एकाच फंक्शनला दोन्हीकडून बोलावलं की एकीकडे 'किंमत जास्त झाली' किंवा दुसरीकडे 'किंमत कमी पडली' असा टाइप एरर. डेफ जतन(इव्हेंट=नन) लिहिलं की दोन्ही बाजू चालतात.

दुसरं जास्त घातक: बटण डिसेबल केलं तरी बाइंडने लावलेलं फंक्शन चालतच राहतं. बटण राखाडी दिसतं, दाबलं जात नाही, पण काम होतं. 'डिसेबल काम करत नाही' ही तक्रार आली की मी आधी बाइंड शोधतो.

तिसरं, <बटन-1> म्हणजे माउसची कळ खाली गेल्याचा क्षण. खरं बटण कळ वर आल्यावर, तीही बटणाच्या हद्दीत असतानाच काम करतं. चुकून दाबलं तर माउस बाजूला सरकवून सोडता येतं, ही सवय वापरणाऱ्यांच्या हातात भिनलेली असते. बाइंडने ती सोय जाते. शिवाय त्या क्षणी मेसेजबॉक्स उघडला तर कळ वर आल्याची बातमी बटणापर्यंत पोचत नाही आणि बटण दाबलेल्या अवस्थेतच अडकून राहतं. चौथं, कीबोर्डवरून स्पेस दाबणाऱ्याला हे बटण मुळीच चालत नाही.

तेव्हा बटणाला कमांडच. बाइंड ठेवायचं ते एंटरसाठी. टीकेचं बटण स्पेसने दाबलं जातं, एंटरने नाही, हे अनेकांना विचित्र वाटतं पण ते तसं आहे. एंटरने 'ठीक आहे' दाबलं जावं असं वाटत असेल तर:

खिडकी.बाइंड("<रिटर्न>", लॅम्डा इ: ब.इनव्होक())

इथे थेट जतन न बोलावता ब.इनव्होक() वापरण्यात शहाणपणा आहे. बटण डिसेबल असेल तर इनव्होक काहीच करत नाही, त्यामुळे नियम एकाच ठिकाणी राहतो. लिनक्सवर अंकांच्या पॅडवरची एंटर कळ वेगळ्या नावाने येते, 'केपी_एंटर', तिलाही एक ओळ लागते.

दाबलं की खिडकी गोठते

बटणाने मोठी फाइल वाचायला घेतली, किंवा कुणी टाइम.स्लीप(5) लिहिलं, आणि खिडकी दगड झाली. हलवता येत नाही, विंडोजवर शीर्षकात 'प्रतिसाद देत नाही' येतं.

मेनलूप म्हणजे एकच माणूस: तोच क्लिक ऐकतो, तोच खिडकी रंगवतो, आणि तुमचं फंक्शनही तोच चालवतो. तो तुमच्या फंक्शनात पाच सेकंद झोपला की बाकी कामं तुंबतात. रंगवणंही तुंबतं, म्हणून 'लाल करा, दोन सेकंद थांबा, परत निळं करा' असं स्लीप घालून लिहिलं तर लाल कधी दिसतच नाही. दोन्ही रंग बदलून झाल्यावर एकदाच रंगवलं जातं आणि तोवर निळंच असतं. तिथे स्लीपऐवजी रंग बदलून आफ्टर(2000, पुन्हा_निळं) द्यायचं.

तुंबलेल्या क्लिकचा प्रश्न याहून वाईट. खिडकी गोठलेली पाहून माणूस अजून तीनदा बटण दाबतो. ते क्लिक हरवत नाहीत, रांगेत थांबतात. काम संपलं की टीके ते एकेक करून पोचवतं आणि तेच काम आणखी तीनदा होतं. नोंद चार वेळा झाली, पत्र चार वेळा गेलं. यावर सुचणारा पहिला उपाय म्हणजे फंक्शनच्या सुरुवातीला बटण डिसेबल आणि शेवटी परत नॉर्मल. मीही तो करून पाहिला होता. चालत नाही. रांगेतले क्लिक फंक्शन संपल्यावर पोचतात, आणि तोवर तुम्ही बटण नॉर्मल करून ठेवलेलं असतं! डिसेबल झालेलं रूपही मधल्या वेळात पडद्यावर आलेलं नसतं, कारण रंगवणारा अडकलेला.

काम तुकड्यांत मोडता येत असेल तर आफ्टर सर्वांत सुटसुटीत. हजार फाइली असतील तर वीस फाइली करा, मग आफ्टर(1, पुढचा_तुकडा) सांगून परत या. मधल्या फटीत मेनलूप श्वास घेतो, डिसेबल केलेल्या बटणावरचे क्लिक त्याच वेळी वाया जातात, आणि सगळं झाल्यावर बटण नॉर्मल करा.

मोडता येत नसेल तर थ्रेड. बटण डिसेबल करा, थ्रेड सुरू करा, टार्गेटला कंस न लावता, आणि फंक्शनमधून लगेच परत या. थ्रेडने लेबल, बटण, कशालाही थेट हात लावायचा नाही. कधी चालतं, कधी प्रोग्रॅम अचानक कोसळतो, आणि नेमका दुसऱ्याच्या मशीनवर कोसळतो. थ्रेडने उत्तर क्यू, म्हणजे रांग, मध्ये टाकावं, आणि मुख्य बाजूने आफ्टर(100, तपासा) असं ठेवून क्यू पाहत राहावं. उत्तर आलं की लेबल बदला, बटण नॉर्मल करा.

फंक्शनात मध्येमध्ये खिडकी.अपडेट() पेरायचा सल्लाही मिळतो. तो मी देत नाही. अपडेट सगळे थांबलेले क्लिक तिथल्या तिथे चालवतं, म्हणजे तुमचं फंक्शन अर्ध्यात असताना तेच फंक्शन पुन्हा सुरू होऊ शकतं. नुसतं रूप ताजं करायचं असेल तर अपडेट_आयडलटास्क्स वापरा, ते क्लिक उचलत नाही.

रंग लागत नाही

मॅकवर टीकिंटरच्या साध्या बटणाला बीजी="रेड" दिलं तरी ते पांढरंच राहतं. तुमची चूक नाही, तिथे बटण मॅकचं स्वतःचं असतं आणि त्याला रंग मान्य नाही. फार तर हायलाइटबॅकग्राउंडने भोवतालची कड बदलते. रंग हवाच असेल तर लेबलला बटणासारखं वागवणं हा एक मार्ग, पण मग डिसेबल आणि कीबोर्ड हे सगळं हाताने करावं लागतं.

'अननोन ऑप्शन बीजी' असा एरर आला तर तुमच्या हातात टीटीकेचं, म्हणजे टीकेच्या थीमवाल्या संचातलं, बटण आहे. टीटीके टीके 8.5 सोबत 2007 मध्ये आलं आणि त्यात रंग बटणाला देत नाहीत, स्टाइलला देतात. बऱ्याचदा माणसाला आपण टीटीके वापरतोय हेच माहीत नसतं: वर दोन ओळींत टीकिंटर आणि टीटीके दोन्हीमधून तारा (*) घालून सगळं आयात केलेलं असतं, आणि दुसऱ्या ओळीने पहिलीचं बटण झाकून टाकलेलं असतं. तारा टाळा, एकाला टीके आणि दुसऱ्याला टीटीके म्हणा. स्टाइल लावूनही विंडोजवर पार्श्वभूमीचा रंग दिसला नाही तर थीम बदलून 'क्लॅम' करा. मूळ थीम बटण विंडोजकडून रंगवून घेते.

टीटीकेच्या बटणाची अवस्था विचारतानाही फसायला होतं. ब.स्टेट(["डिसेबल्ड"]) ने बंद केलेलं बटण ब["स्टेट"] ला विचारलं तर जुनंच उत्तर देतं, कारण तो पर्याय फक्त लिहिण्यासाठी आहे. ब.इनस्टेट(["डिसेबल्ड"]) विचारा.

माझ्याकडे चालतं, दुसऱ्याकडे बटण मेलेलं

हे सगळं तपासूनही बटण गप्प असेल, तर एरर येतोय पण दिसत नाही, ही शक्यता धरा. बटणाच्या फंक्शनात एरर आला तर टीकिंटर प्रोग्रॅम बंद पाडत नाही. तो एरर काळ्या खिडकीत, म्हणजे कन्सोलवर, छापतो आणि मेनलूप पुढे चालू ठेवतो. नाव पीवायडब्ल्यू ने संपणाऱ्या फाइलने, किंवा काळी खिडकी नसलेली एक्झी बनवून प्रोग्रॅम दिला, की छापायला जागाच नाही. फाइल सापडली नाही, आकड्याच्या जागी अक्षर आलं, काहीही असो. वापरणाऱ्याला दिसतं ते एवढंच, की बटण दाबलं आणि काही झालं नाही.

त्यावर मूळ खिडकीचं रिपोर्ट_कॉलबॅक_एक्सेप्शन बदलता येतं. तीन किमती घेणारं फंक्शन लिहा, म्हणजे एररचा प्रकार, एरर स्वतः आणि त्याचा माग. त्यात मेसेजबॉक्सने एरर दाखवा, ट्रेसबॅक मॉड्यूलने पूर्ण माग एका फाइलीत लिहा, आणि खिडकी.रिपोर्ट_कॉलबॅक_एक्सेप्शन = दाखव असं जोडून द्या. दाखव नंतर कंस नाही.